अनवाणी ऐकलेली गाणी

माझे कान अकोल्याच्या जिनात गेले. एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली, सुनेचं पुटपुटणं गेलं. शेवटच्याचं मला काही दुःख झालं नाही. मग बायकांची बोलणी गेली, मग पुरुषांची. जाड आवाज तेवढे राहिले. रस्त्यावरून ट्रक गेला की कळतो. शेजारचा माणूस जिना उतरला की कळतं. बाकी सगळं मी तोंडाकडे पाहून समजून घेते.

जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी चौथी शिकले, मग शेतात राबले, आणि लग्न झाल्यावर जिनात लागले. लाकडी माळा होता. त्यावर मशिनींची लांब रांग, आणि प्रत्येक मशिनीपुढं एक बाई. मशिनीच्या तोंडात कापूस घालत राहायचं. रुई एकीकडं पडायची, सरकी फळ्यांखाली. सगळ्या मशिनी एकाच लांब दांड्यावर पट्ट्यांनी बांधलेल्या, त्यामुळं सुरू झाल्या की सगळ्या एकदम सुरू. तो आवाज कसा होता ते सांगता येत नाही. शेजारची बाई मेली असती तरी ओरडणं ऐकू आलं नसतं.

चपला खाली काढून चढावं लागे, कारण कापसात माती गेली की मुकादम बोंबलायचा. त्यातून एक फायदा झाला. अनवाणी पायाला मशीन कळते. माझ्या मशिनीचा पट्टा ढिला पडला की माझ्या टाचेला आधी कळायचं. कानाचं तिथं काही काम नव्हतं. बोलायलाही आवाज लागत नसे. ओठ हलवायचे, दोन बोटं नाचवायची, भुवई उडवायची. तशी आम्ही दिवसभर बोलायचो. कोणाची सासू कशी, कोणाचा नवरा काय पिऊन आला, भाजीला काय टाकलं, सगळं. माझ्या शेजारच्या मशिनीवर जी बाई होती ती माझी जोडीदारीण. तिच्या मोठ्या पोराचं लग्न आम्ही दोघींनी त्या माळ्यावर उभ्या उभ्या जमवलं, एक शब्द तोंडातून न काढता.

माझा नवरा त्याच जिनात फिटर होता. पुढं त्यानं नोकरी सोडून रेल्वे लाइनीच्या पलीकडं स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. तेल इंजिनं, पंप, मळणी यंत्रं दुरुस्त करायचा. जिनवाल्यांनी लाकडी माळा काढून सिमेंट केलं तेव्हा त्यानं त्या फळ्या विकत आणल्या आणि शेडात टाकल्या. म्हणे, सिमेंटवर उभं राहून गुडघे दुखतात. तो गेला. शेड माझ्या नावावर राहिलं. मुलानं मला अमरावतीला आणलं. किल्ली जोडीदारणीकडं ठेवली, कारण ती शेडामागच्याच गल्लीत राहते आणि तिच्याइतकं संशयी माणूस दुसरं मिळणार नाही.

माझा मुलगा सरकारी कचेरीत आहे. चांगला आहे, पण जरा जास्तच सरळ चालतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, रोज बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला जाते. तिथं एका खासगी शाळेत संगणक शिकवते आणि संध्याकाळी परत येते. आमच्याकडं याला अप-डाऊन म्हणतात, आणि अर्धी अमरावती तेच करते. नात ड्रम वाजवते. लहान होती तेव्हा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पथकाच्या पुढं जाऊन उभी राहायची, घरी यायला तयार नसायची. कॉलेजात गेल्यावर ड्रम शिकली आणि पहिल्या पगारातून जुना संच घेतला. गच्चीवरच्या खोलीत वाजवते. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा तिनं ड्रमवर उश्या आणि गोधड्या टाकल्या. मी एकदा वर गेले तर पोरगी घामानं थबथबलेली, आणि आवाज काय, तर कोणी गादी झोडपतंय.

या शेडावरून बाप-लेकीत वाद लागला. खतं-बियाण्याचा एक व्यापारी गोदामासाठी जागा पाहत होता. मुलानं मला समोर बसवलं, मला ओठ दिसावेत म्हणून चष्मासुद्धा पुसून दिला.

"आई, चांगली पार्टी आहे. लांबचा करार करून राहिला. शेड नुसतं सडून राहिलं तिथं."

नात दारात उभी होती. "बाबा, ती जागा मी कधीची मागून राहिली."

"तू वाजवशील अन् लोकं पोलीस आणतीन."

"एका बाजूले आरा मशीन हाये, दुसऱ्या बाजूले भंगारवाला. पोलीस कोण आणन?"

"अन् वाजवून काय करशील?"

"शिकवीन. शाळा सुटल्यावर पोरी येतीन शिकाले. माह्यासंग वाजवणारे तिघं जण अकोल्यातच राहतात, त्याईच्यासंग गाणी बसवीन. हे जमत नसन तर सांगा, मी ड्रम विकून टाकते. उशीवर वाजवण्यात मले रस नाही राहिला."

हे ती रागानं नाही बोलली. त्यामुळं मला कळलं की ती खरंच विकेल. रागानं बोलली असती तर मी लक्ष दिलं नसतं.

मुलगा माझ्याकडं वळला. "जागा तुझी हाये. तूच सांग. तू म्हणशील ते आमी दोघंही ऐकू."

"सांगीन," मी म्हणाले, "पण ही वाजवते ते असते तरी काय, ते मले आधी ऐकू दे. न पाहता बैल घेत नसतात."

"आई, तुले ऐकू येते काय?"

"तुले येते तर तू सांग ना, कसं असते."

"डबडं बडवल्यासारखं."

"मग मले बी येईनच."

नातीनं एक जाड पुठ्ठ्याचा डबा आणला. आत दोन तबकड्या. वर काळ्या कागदावर दातेरी चाकाचं चित्र. ती म्हणाली, हे परदेशी लोक आहेत, कारखान्यांच्या गावातले. सुरुवातीला यांच्याकडं वाद्यं नव्हती, बंद पडलेल्या कारखान्यात भंगार वाजवायचे. आज त्यांचं पाहून जगभर लोक असलं वाजवतात. आणि हा डबा म्हणजे त्यांच्या अख्ख्या जन्माची निवडक गाणी, पहिल्या वर्षापासून आतापर्यंत. मधे एक जण सोडून गेला, एक वारला, दुसरे आले, पण थांबले नाहीत.

"अन् तू हेच वाजवते?"

"यायच्यासारखं. यायच्याइतकं चांगलं नाही."

हे उत्तर मला आवडलं, पण बोलून दाखवलं नाही.

घरात तबकडी लावायचं यंत्र नाही, म्हणून तिनं तीच गाणी फोनवर काढून लोट्याएवढ्या एका स्पीकरवर लावली. मी तयारीनं बसले. मुलानं करून दिलेली कानाची मशीन मी एरवी डब्यात ठेवते, कारण ती घातली की भांड्यांचा आवाज कपाळात घुसतो. त्या दिवशी घातली. पोरीचं भवितव्य ठरवायचं तर नीट ऐकावं, असा माझा विचार.

काय सांगू. फडताळात उंदीर शिरलेत, आणि पत्र्यावर कोणी खिळा ओढतंय. मधून एक माणूस घसा खाजवतोय. दुसरं गाणं लावलं. त्यात थोडी पेटी होती, बाई बोलत होती, पण उंदीर होतेच. तिसऱ्याला मी हात वर केला.

"पुरे. हे मले नाही समजत."

नातीनं फोन बंद केला, स्पीकर उचलला. मुलगा पेपर वाचत असल्याचं दाखवत होता, पण पेपर खाली आला. त्याला वाटलं, झालं काम. मलाही तसंच वाटलं. पण तिनं डबा उचलला तेव्हा मी तो मागितला. उलटा करून पाहिलं. इंग्रजी मला येत नाही, पण गाणी ओळीनं छापली होती आणि आकडे मला येतात.

"तू लावलं ते पहिलं कोणतं?"

तिनं बोट ठेवलं. खालून कुठंतरी होतं ते. दुसरं त्याच्या बरंच वर, तिसरं दुसऱ्याच तबकडीवरचं.

"हे असं उड्या मारत काहून लावलं?"

ती अवघडली. "आजी, ही जरा हळू गाणी हायेत. म्हटलं तुले त्रास नको. आवाज बी कमी ठेवला होता."

मला असा राग आला की मी मशीन कानातून काढून पदरात टाकली. आमच्याकडं पाहुणा पुण्याचा असला की त्याच्या ताटात वरची तर्री न घेता खालचा रस्सा वाढतात, आणि तो म्हणतो, वऱ्हाडी जेवण मस्त, फार तिखट नाही. या पोरीनं मला पुण्याची पाहुणी केलं होतं. मिरचीच्या खळ्यात वाढलेली बाई मी.

"मले पाहुण्याचं ताट वाढते काय वं? लाव तर सगळं लाव. पहिल्यापासून, ओळीनं. अन् तू जिथं वाजवणार तिथं लाव, जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्या आवाजात."

"शेडात?"

"मंग कुठी? माह्या माजघरात?"

मुलगा म्हणाला, "रविवारी तो व्यापारी जागा पाहाले येऊनच राहिला."

"बरं झालं. सगळे मिळूनच जाऊ."

रविवारी बडनेऱ्याहून आम्ही तिघं निघालो. नातीनं कोणा मित्राकडून कपाटाएवढा स्पीकर मागून शेडावर आधीच पोचवला होता. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. मूर्तिजापूरला मुलानं भजी घेतली आणि कागद तिच्यापुढं धरला. तिनं भजी घेतली. तेवढंच.

जोडीदारीण शेडाच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिचे कान माझ्यापेक्षा वाईट. तिनं मला खालून वर पाहिलं.

"जाडी झाली तू."

"तू वाळली."

"माही सून खाऊ देत नाही. डॉक्टरनं सांगतलं म्हणते. डॉक्टर तिचा मावसभाऊ हाये." मग तिनं कुलूप उघडलं. शेडात जुन्या तेलाचा वास तसाच होता. तिनं झाडून ठेवलं होतं. फळ्या काळ्याभोर, तेल पिऊन गुळगुळीत झालेल्या. मी चपला दारात काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. जोडीदारणीनंही काढल्या. त्या फळ्यांवर आम्ही दोघींनी कधी चपला घातल्याच नव्हत्या, तर आता काय घालणार. आम्ही भिंतीला टेकून, पाय फळीवर सोडून बाकड्यावर बसलो. मुलगा दाराजवळ उभा राहिला, घड्याळ पाहत. नातीनं वायरी जोडल्या आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कानाची मशीन पिशवीतच राहिली. काढायची आठवणही झाली नाही.

पहिला ठोका टाचेतून गुडघ्यात आला.

मी जोडीदारणीकडं पाहिलं. ती आधीच माझ्याकडं पाहत होती. तिच्या भुवया कपाळावर गेल्या होत्या. जिन बंद पडल्यापासून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. अमरावतीत जे उंदीर होते ते इथं कुठंच नव्हते. बारीक कुरकुर माझ्या कानापर्यंत पोचतच नव्हती. पोचत होतं ते खालचं, जाड, लोखंडाचं. एका जाड पत्र्यावर कोणीतरी घण घालतंय, आणि त्याच्या मागं एक इंजिन धापा टाकतंय. मधे एक माणूस ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते आणि आले असते तरी ते परदेशी. पण मुकादमाच्या आवाजातला राग मला तळपायानं कळतो.

पहिली तीन-चार गाणी अशीच गेली. पोरवयाची. यांना कोणीतरी फार छळलं होतं आणि यांच्याकडं हातोड्याशिवाय काही नव्हतं. हात चालतो पण ताल कधी पुढं पळतो, कधी मागं राहतो. नवी बाई जिनात आली की पहिला आठवडा तशीच करते. मग एक गाणं आलं त्यात सगळं जागेवर बसलं. पट्टा घट्ट, दांडा सरळ, एकही मशीन दुसरीच्या आड येत नाही. माझे पाय आपोआप फळीवर दाबले गेले. म्हणजे हे शिकले, असं मी मनात म्हटलं.

मधली काही गाणी मला भिकार वाटली. गोड करायला गेले आणि बिघडवलं. पैसा आला असेल, लोक वाहवा करत असतील. आमचा मुकादमही टेरिकॉटचा सदरा घालायला लागला तेव्हा कामात कच्चा झाला होता. पण त्या लोकांनी ती गाणी लपवली नाहीत. डब्यात ठेवली. यात मला त्यांचं काहीतरी पटलं. नंतरची गाणी पुन्हा जड झाली, पण पहिल्यासारखी नाही. घाई गेली होती. घण तेवढाच मोठा, पण उचलणारा आता उगाच उचलत नव्हता.

कुठल्या गाण्यात जोडीदारणीनं बोलायला सुरुवात केली ते आठवत नाही. तिनं दोन बोटं माझ्या मांडीवर आपटली आणि ओठ हलवले.

"तुह्या पोराचं तोंड पाह्य."

मी पाहिलं. मुलगा काहीतरी ओरडत होता. नात कानामागं हात नेऊन "काय?" करत होती. तो आणखी मोठ्यानं ओरडत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. दोघांचे मिळून चार चांगले कान, आणि कोणाचं कोणाला कळत नव्हतं.

मी ओठांनीच म्हटलं, "तो म्हणून राहिला, व्यापारी येईन आता, बंद कर."

"तुले तिथून समजलं?"

"लहानपणापासून त्याचं तोंड पाहून राहिली मी."

ती हसली. तिला आता तीनच दात आहेत, पण ओठ अजून साफ बोलतात. मग आमचं सुरू झालं. घरी तिच्याशी कोणी बोलायचं म्हणजे कानाशी येऊन किंचाळायचं, आणि मग ती चिडायची. इथं ती सुटली. सुनेच्या मावसभावाचं पूर्ण सांगितलं. गल्लीतल्या कोणाची पोरगी पळाली, कोणाची परत आली. आरा मशीनवाल्यानं तिसरं लग्न केलं आणि आता मशिनीवरच झोपतो. मी हसून हसून बाकड्यावरून घसरले. नातीनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं मला त्रास होतोय. मी हातानं खूण केली, चालू दे.

मग जोडीदारीण कामाचं बोलली.

"गोदाम करते का हिले देते?"

"तेच पाहाले आली."

"गोदाम केलं तर घुशी होतीन. माह्या घरात येतीन."

"हिले दिलं तर रोज हे होईन."

"होऊ दे ना. मले घरात कायचाच आवाज येत नाही. हा तरी येते."

"तुह्या सोयीनं देऊ काय?"

"मंग कोणाच्या? त्या व्यापाऱ्याच्या?"

"पोरगी टिकन काय, ते सांग. आज हाये हौस, उद्या सोडून देईन."

जोडीदारणीनं हनुवटीनं तिकडं दाखवलं. मी पाहिलं. नातीच्या हातात तिच्या त्या दोन काड्या होत्या. नवऱ्याचं जुनं तेलाचं पिंप कोपऱ्यात उलटं पडलं होतं, आणि ती गाण्यासोबत त्यावर वाजवत होती. मला दाखवायला म्हणून नाही. तिला राहवलं नसेल.

मग मी तिच्या हाताकडं बघत राहिले. जिनात बाई पारखायची एकच रीत होती. मधूनच इंजिन पळायचं आणि सगळ्या मशिनी एकदम जोरात फिरायच्या. कच्ची बाई मशिनीबरोबर पळायची, हातातला कापूस कोंबत सुटायची, आणि तिचंच बोट जायचं. पक्की बाई आपला हात आपल्याच चालीनं ठेवायची. मशीन काय, येईल पुन्हा ठिकाणावर. हे शिकवून येत नाही. कोणाला वर्षानं जमतं, कोणाला कधीच नाही.

गाणं मधेच पिसाळलं. परदेशातले ते सगळे एकदम तुटून पडले. फळी थरथरायला लागली. मी नातीच्या मनगटाकडं पाहत होते. ते पळालं नाही. ते आपल्या जागी पडत राहिलं, एक, मग दुसरं, जणू त्या सगळ्या गोंधळाशी तिचा काही संबंध नाही. आणि थोड्या वेळानं ते परदेशी लोकच तिच्या चालीवर परत आले.

मी जोडीदारणीला म्हटलं, "हात पक्का हाये."

"मी मघाच पाह्यलं. तू बोलून राहिली होती."

"मंग देऊन टाकू?"

"दे. पण चपला बाहेर काढायच्या म्हणाव, तिच्या त्या मित्राइले बी. फळ्या मी पुसते, ते नाई पुसत."

"ठरलं."

ठरलं म्हणताना आम्ही जिनात मूठ करून गुडघ्यावर मारायचो. दोघींनी मारली.

दुसरी तबकडी संपेपर्यंत मी कोणालाही काही सांगितलं नाही. शेवटचं गाणं लांब होतं आणि मला ते तुकड्यात ऐकायचं नव्हतं. ते संपलं तेव्हा फळ्या एकदम मेल्यासारख्या झाल्या. मुलगा कान चोळत पुढं आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि ओठ मोठे करून म्हणाला, "आई, झालं ना ऐकून? आता बोल. व्यापारी चौकापर्यंत आला."

जोडीदारीण म्हणाली, "बोलून झालं."

"केव्हा?"

"तू ओरडून राहिला होता तेव्हा."

"कोणाशी बोलली?"

"माह्याशी."

तो माझ्याकडं वळला. "काय ठरलं?"

मी सांगितलं. नात स्पीकरच्या वायरी गुंडाळत होती, पाठमोरी. तिनं ऐकलं नाही, आणि मी हाक मारली नाही. मुलगा मग म्हणाला, "तुले खरंच आवडलं का तिच्यासाठी करून राहिली?"

"मधले भिकार होते. बाकी आवडलं."

"कोणतं आवडलं?"

"जे वाजलं तेव्हा तू चूप होता ते."

तो हसला. मनात नव्हतं तरी हसला. एवढ्यात दारात व्यापारी आला. गोरागोमटा, हातात चामड्याची पिशवी. त्यानं गल्लीच्या टोकापासून आवाज ऐकला होता. मुलगा उठून दाराशी गेला. मला दोघांची तोंडं दिसत होती.

"साहेब, जागा द्यायची नाही ठरलं. तुमाले फुकट चक्कर झाली."

"काहून? कोणाले दिली काय?"

मुलानं आत पाहिलं. "पोरीले. तिचं काम चालते इथं."

"मंघाशी आवाज येऊन राहिला होता तेच? मी म्हटलं जोरात कारखाना सुरू हाये. गेट-बिट बनवता काय? माह्या गोदामाले लोखंडी गेट लागनच."

"गेट नाही बनवत. ती ड्रम वाजवते."

व्यापाऱ्यानं आत डोकावून पाहिलं. दोन म्हाताऱ्या बाकड्यावर, एक पोरगी वायरी घेऊन. त्याला काय समजायचं ते समजलं असेल. "बरं," म्हणाला, "फीची पावती-गिवती भेटत असन तर माही पोरगी आणतो शिकाले. घरात तांब्या-वाट्या बडवते."

आता नातीनं ऐकलं होतं. वायर तिच्या हातात अर्धी गुंडाळलेली. ती बापाकडं पाहत होती, आणि बाप तिच्याकडं न पाहता वर पत्र्यांकडं पाहत होता.

"हे दोन पत्रे गेलेत," तो म्हणाला. "पावसाळ्याच्या आत बदलून घ्यावे लागतीन. मी माणूस पाठवतो. अन् लाइटचं मीटर मोठं घे, नाहीतर तुह्या त्या स्पीकरनं उडून जाईन."

"हो बाबा," ती म्हणाली.

"अन् येत्या रविवारी टेम्पो करू. त्या उश्या-गोधड्या तुह्या आईले परत कर आधी. हिवाळाभर शोधून राहिली ती."

तिनं आभार मानले नाहीत, कोणाच्या गळ्यात पडली नाही. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. तिनं वायर खाली ठेवली, दारात जाऊन बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. मग कोपऱ्यातलं फडकं उचलून बादलीत बुडवलं आणि जिथं मुलाच्या बुटांचे ठसे उमटले होते तिथून फळ्या पुसायला घेतल्या.

जोडीदारीण बाकड्यावरून ओरडली, "आडवं नको पुसू वं. फळीच्या लांबीनं पूस. फटीत पाणी जाते."

ती वळून बसली आणि लांबीनं पुसायला लागली.